खांदा शिवताना किती ओढला, ते कार्डावर लिहा

प्रति,
बडोद्यात खांद्याची ऑपरेशने करणारे सर्व सर्जन

सादर नमस्कार.

मी याच शहरात फिजिओथेरपी करते. तुम्ही दुर्बिणीतून शिवलेले खांदे पुढे आमच्याकडे येतात. सोबत डिस्चार्ज कार्ड असते. त्यावर निदान, तारीख, औषधे, टाके कधी काढायचे ते, आणि ऑपरेशनबद्दल बहुधा एकच ओळ: ‘उजव्या खांद्याची आर्थ्रोस्कोपिक कफ रिपेअर’. शेवटी ‘फिजिओथेरपी सुरू करावी’. माझी मागणी त्या ओळीखाली आणखी एका ओळीची आहे. फाटलेले टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) हाडावरच्या जागेवर आणताना किती ओढावे लागले आणि हात कुठे धरला असताना ते तिथे पोचले, एवढे लिहा.

हे एकेकट्याला फोनवर सांगून झाले आहे. ‘हो, बरोबर आहे तुमचं’ असे सगळेच म्हणतात आणि पुढच्या महिन्यात कार्ड तसेच्या तसे येते. म्हणून खुले पत्र. मराठीत, कारण तुमच्यापैकी बरेच जण मराठी वाचतात, आणि दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगरकडच्या ज्या घरांतले खांदे तुमच्या टेबलावर येतात त्या घरांतही हे वाचले जावे अशी इच्छा आहे. गुजराती प्रतही काढणार आहे.

त्या घरातल्या वाचकांसाठी आधी थोडे. खांद्याच्या गोळ्याला चार स्नायूंची टेंडने वेढून असतात: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. हाच रोटेटर कफ. हात वर जाताना गोळा उथळ वाटीत मधोमध धरून ठेवायचे काम यांचे. फाटते ते बहुतेक वेळा वरचे, सुप्रास्पायनेटसचे. फाटलेल्या टेंडनला आपल्या जागी जाऊन चिकटता येत नाही, कारण त्याच्या मागचा स्नायू त्याला सारखा आत खेचत असतो. सर्जन दुर्बिणीतून ते टोक पकडतो, बाहेर आणतो, हाडात अँकर (दोरे ओवलेला बारीक खिळा) ठोकतो आणि अँकरच्या दोऱ्यांनी टेंडन हाडावर आवळतो. तीन-चार बारीक छिद्रे, दुसऱ्या दिवशी घरी. बाहेरून सगळ्यांचे ऑपरेशन सारखेच दिसते.

आत मात्र दोन खांदे सारखे नसतात, आणि तो फरक मुख्यतः ताणाचा आहे. टेंडन सुटून महिने लोटले की स्नायू आखडतो. त्याचे तंतू लांबीने कमी होतात, तंतूंचा कल बदलतो, मधल्या मोकळ्या जागेत चरबी आणि चिवट जाळे भरते. झ्यूरिखच्या क्रिस्टियान गेर्बर यांनी मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांतून हे नीट दिसले: तंतूंची रचनाच बदललेली असते, आणि टेंडन परत शिवले तरी ती चरबी मागे हटत नाही. फ्रान्सच्या गुतालिए यांनी 1994 मध्ये या चरबीच्या 0 ते 4 अशा पायऱ्या लावून दिल्या. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ती पायरी कधी लिहिलेली असते, कधी नसते. असा स्नायू ताठ होतो. ताज्या फाटलेल्या कफमध्ये टोकाला धरून हलके ओढले की टेंडन सरकत येते. वर्षभर जुन्या, वाटीच्या काठापर्यंत मागे गेलेल्या कफमध्ये तेच टोक आणायला जोर लागतो, आणि शेवटच्या काही मिलिमीटरला सगळ्यांत जास्त. हा जोर तुमच्या हाताला कळतो. ऑपरेशन थिएटरमधल्या (ओटीतल्या) इतर कोणाला कळत नाही, रुग्णाला तर नाहीच, आणि कार्डावर त्याची खूणही उरत नाही.

जोर लावून आणलेले टेंडन पुढे काय करते? जुन्या विरलेल्या सुती लुगड्याची फाटलेली कड ओढून घट्ट शिवली, तर टाका तसाच राहतो आणि शेजारचे कापड उसवते. खांद्यात हेच दिसते. अँकर आता इतके चांगले आहेत की ते क्वचितच उपटतात, आणि दोन ओळींत आवळलेली शिवण हाडावर पक्की बसते. मग फाटते ते शिवणीच्या आतल्या बाजूला, जिथे टेंडन संपून स्नायू सुरू होतो तिथे. कोरियातल्या चो आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये पुन्हा फाटण्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. हा त्यातला दुसरा. यात हाडाजवळचा तुकडा शाबूत दिसतो आणि त्याच्या मागे भोक असते. पुन्हा ऑपरेशन करायचे तर हातात धरायला टेंडनच कमी उरलेले असते. शिवाय ताणलेल्या टेंडनमधले रक्ताभिसरण मंदावते, आणि रक्त तर या भागाला मुळातच बेताचे.

ऑपरेशन चालू असतानाच ताण मोजून पाहणारे सर्जनही आहेत. टेंडनच्या टोकात दोरा घालायचा, त्याला ओढ मोजणारा काटा लावायचा आणि टोक जागेवर येईपर्यंत ओढायचे. अशा अभ्यासांतून 35 न्यूटनच्या आसपास एक रेघ सुचवली गेली. म्हणजे साधारण 3.5 किलो वजन टांगल्याइतका ओढा. त्याच्या वर गेलेल्या खांद्यांचे निकाल खाली येताना दिसतात. ही रेघ काही दगडावरची नाही. टेंडन जाड की पातळ, माणूस चाळिशीचा की सत्तरीचा, मधुमेह आहे का, सिगारेट आहे का, यावर ती हलणारच. पण दिशा स्पष्ट आहे, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.

आता आमच्या टेबलाकडे या.

गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात दोन रुग्ण सुरू झाले. एक बँकेतले गृहस्थ, पन्नाशीच्या आतले, स्कूटरवरून पडल्यानंतर लगेच ऑपरेशन झालेले. दुसऱ्या एक काकू, पासष्टीच्या पुढच्या, मधुमेह असलेल्या, दीड-दोन वर्षे खांदा दुखतोय म्हणत तेल चोळून घेतलेल्या. दोघांच्या कार्डावर तीच ओळ आणि सोबत तोच छापील कागद: पहिल्या आठवड्यापासून पेंड्युलम (हात सैल सोडून झुलवायचा व्यायाम), तिसऱ्यापासून दुसऱ्या हाताच्या मदतीने हात वर, सहाव्या आठवड्यात स्लिंग (हाताची झोळी) बंद. काकूंचा हात हलवून पाहताना मला शंका आली म्हणून त्यांच्या सर्जनना फोन केला. ते सज्जन आहेत, लगेच बोलले. म्हणाले, ‘हां, त्यांचं जरा टाइट होतं. ओढून आणावं लागलं, पूर्ण आलंही नाही, थोडं आतच बसवलंय. सांभाळून घ्या.’ या तीन वाक्यांनी काकूंचा सगळा कार्यक्रम बदलला. फोन केला नसता तर ती त्या डॉक्टरांच्या आठवणीतच राहिली असती, आणि आठवड्याला कितीतरी खांदे करणाऱ्या माणसाच्या आठवणीत ती किती दिवस टिकणार?

‘थोडं आतच बसवलंय’ हे तर फारच मोलाचे. टेंडन मूळ जागेपर्यंत न ओढता गोळ्यावर थोडे आतल्या बाजूला बसवणे हा ताण कमी करायचा मान्य मार्ग आहे. 10 मिलिमीटरपर्यंत आत सरकवले तरी स्नायूच्या उचलण्याच्या ताकदीला मोठा धक्का बसत नाही, असे प्रयोगशाळेतल्या मोजणीत दिसले आहे. याखेरीज तुम्ही वरचे-खालचे चिकटे (टेंडनला आजूबाजूला धरून ठेवणारे तंतू) सोडवता, कोराकोह्युमरल लिगामेंट हा टेंडनला अडवणारा बंध कापता, दोन काठ आधी एकमेकांना शिवून मग हाडाला लावता, किंवा सगळे बंद होत नाही म्हणून अर्धेच बंद करता. या प्रत्येकाने माझे काम बदलते. काठाला काठ शिवले असतील तर मी हात फिरवण्याच्या बाबतीत वेगळी सावध राहीन. सबस्कॅप्युलॅरिसही शिवला असेल तर हात बाहेरच्या बाजूला वळवणे सुरुवातीला थांबवायला हवे. बायसेप्सचे टेंडन कापून दुसरीकडे बसवले असेल तर कोपर वाकवून वजन उचलू देता येत नाही. मला यातले काहीच कळवले जात नाही. मग मी रुग्णालाच विचारते, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ रुग्ण सांगतो, ‘ऑपरेशन मस्त झालं म्हणाले.’

ताण आहे हे लिहिण्यात तुम्हाला कमीपणा वाटायचे कारण नाही. तो बहुतेक वेळा तुमच्याकडे येण्याच्या आधीच तयार झालेला असतो. आपल्या गावात खांदा दुखला की आधी तेल, मग शेक, मग ओळखीतल्या कोणाकडून झटका देऊन घेणे, असा क्रम आहे. जुम्मादादांच्या आखाड्याचे आणि प्रोफेसर माणिकरावांच्या हाडे बसवण्याच्या कौशल्याचे हे गाव, त्याचा अभिमान मलाही आहे. पण पावसात स्कूटर घसरून पडलेला माणूस, ज्याला दुसऱ्या दिवशी हात उचलताच येत नाही, त्याचे हाड जागेवरच असते आणि टेंडन निघालेले असते. चोळून ते परत येत नाही. हळूहळू झिजून फाटलेल्या बऱ्याच कफना ऑपरेशन लागतही नाही, व्यायामावर वर्षे निघतात. पडून ताजे फाटलेले मात्र थांबवून ठेवायचे नसते, कारण त्यात प्रत्येक महिन्याला ओढायचा जोर वाढत जातो. वाचणाऱ्या घरांनी एवढे लक्षात ठेवले तरी तुमचे ओटीतले काम हलके होईल.

ताणाची नोंद नसल्याने आमच्या बाजूला दोन प्रकारची माणसे तयार झाली आहेत. एक, सगळ्यांनाच लवकर हलवणारी. सहाव्या आठवड्याला हात कानाला लागला की रुग्ण खूश, त्याचे घर खूश, आणि फिजिओचे नाव होते. दोन, सगळ्यांनाच बांधून ठेवणारी, कारण फाटले तर आपल्यावर येईल. दोन्ही मला पटत नाहीत. सैल आलेल्या लहान फाटीला सहा आठवडे बांधून ठेवण्याचे कारण नाही. आणि ओढून आणलेल्या मोठ्या फाटीत पहिल्या महिन्यात हात कानाला लागला, तर मला आनंद होण्याऐवजी काळजी वाटते. ऑपरेशननंतर सुरुवातीला ताठरलेल्या खांद्यांत टेंडन शाबूत राहण्याचे प्रमाण उलट जास्त दिसते, आणि तो ताठरपणा वर्षाअखेरपर्यंत बहुतेक ओसरतो. ताठरलेला खांदा सोडवता येतो, फाटलेला कफ व्यायामाने जोडता येत नाही. तरी ताण शून्यावर नेणे हाही उपाय नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्नायू पूर्ण लुळा करून टेंडनवरचा सगळा भार काढला तेव्हा जोड चांगला भरला नाही. थोडा भार हवा, योग्य वेळी हवा, आणि तो किती हे शिवताना किती ओढले त्यावरच ठरते. ती सुरुवातीची संख्या, किंवा संख्या नसेल तर तो शब्द, तुमच्याकडे आहे.

पेंड्युलम घ्या. कंबरेत वाकायचे, हात सैल सोडायचा, शरीर हलवून हात झुलवायचा. निरुपद्रवी व्यायाम म्हणून तो सर्व छापील कागदांवर असतो. स्नायूंना इलेक्ट्रोड लावून 2010 मध्ये मोजले तेव्हा दिसले की मोठी वर्तुळे काढली की सुप्रास्पायनेटस बराच काम करतो, आणि त्याच हाताने बाटली उचलून पाणी प्यायल्यावरही करतो. लहान झोके चालतात. आता आमच्याकडचे रुग्ण पेंड्युलम करतात ते जात्यावर बसल्यासारखे गरागरा, कारण ‘जास्त केले की लवकर बरे’. सैल शिवणीला हे बहुधा चालून जाते. ताणलेल्या शिवणीचे मला माहीत नसेल, तर मी कोणाला काय सांगू?

उशीचेही तेच. हात शरीराला चिकटवला की सुप्रास्पायनेटसवरचा ओढा वाढतो, थोडा बाजूला धरला की कमी होतो. साधारण 30 अंशांपर्यंत फरक चांगला जाणवतो. म्हणून तुम्ही काहींना बगलेत उशी असलेली स्लिंग देता. योग्यच. पण बडोद्याच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, ती उशी बगलेत घेऊन महिनाभर बसणे म्हणजे काय ते घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. घामोळे येते, पट्टा मानेला काचतो, झोप लागत नाही. माणसे ती काढून ठेवतात आणि हात पोटाशी बांधून बसतात, म्हणजे ताण नेमका वाढवतात. त्यांना कोणी सांगितलेले नसते की ही उशी आरामासाठी नाही, टेंडन याच कोनात पोचले होते म्हणून दिली आहे. ज्यांना हे सांगितले ते घामोळ्यावर पावडर टाकून उशी ठेवतात, हा माझा अनुभव. आणि ज्यांचे टेंडन सहज आले होते त्यांना उन्हाळ्यात साधी स्लिंग द्या की! सरसकट सगळ्यांना उशी देण्याने तिची किंमत उतरली आहे.

बायकांच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे, ती तुमच्या तपासणीच्या खोलीत बहुधा निघत नाही. हात पाठीमागे नेऊन हुक लावणे, निऱ्या खोचणे, पदर मागून पुढे घेणे, वेणी घालणे. हात पाठीमागे वळवला की वरच्या टेंडनवर ताण येतो. काकूंना कोणी ‘वजन उचलू नका’ सांगितलेले असते, त्या वजन उचलत नाहीत आणि रोज सकाळी हात मागे नेऊन हुक लावतात. पुढून बटणांचे गाऊन वापरा, हे ऑपरेशनच्या आधीच सांगता येते. पुरुषांचे मागच्या खिशातले पाकीट याच जातीचे.

आता आपल्या गावच्या पंचांगाकडे बघा, कारण मला खरी धास्ती त्याची आहे. खांदा दुखत असतो ऑगस्टपासून. पण नवरात्रीआधी कोणी ऑपरेशन करून घेत नाही, गरबा बुडतो. नऊ रात्री हात वर करून टाळ्या होतात, मग दुखणे असह्य होते. मग दिवाळी, घरी पाहुणे. ऑपरेशनची तारीख लागते दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये. तिथून 14 जानेवारीपर्यंत मोजा: आठ-नऊ आठवडे. उत्तरायण, म्हणजे आपली पतंगांची संक्रांत. या वेळेपर्यंत दुखणे बरेचसे गेलेले असते, स्लिंग सुटलेली असते, आणि टेंडन हाडाला चिकटायच्या सगळ्यांत कच्च्या टप्प्यात असते. पुन्हा फाटणारे कफ बहुतेक पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच फाटतात. आणि माणूस गच्चीवर. आधी ‘मी फक्त फिरकी धरतो’, मग शेजारच्या गच्चीवरून ‘काप्यो छे!’ ऐकू आले की दोरी हातात. ढील देणे एक वेळ ठीक, पण पेच लागल्यावर खेचायचे म्हणजे हात डोक्याच्या वर नेऊन झटक्यावर झटके. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे जे फोन येतात ते तुमच्याकडेही येत असतील.

‘पतंग उडवू नका’ हे सगळ्यांनाच सांगितले जाते आणि सगळेच ते तितपतच ऐकतात. त्याऐवजी, ‘तुमचे टेंडन ओढून आणलेले आहे, तुमच्या बाबतीत एक झटका पुरे आहे’, असे नावानिशी सांगितले तर ऐकतील. किमान ज्यांचे ऑपरेशन घाईचे नाही आणि टेंडन आधीच मागे गेल्याचे एमआरआयमध्ये दिसते आहे, त्यांची तारीख देताना हे पंचांग समोर ठेवा. वासी उत्तरायण, म्हणजे उत्तरायणाचा दुसरा दिवस, संपल्यावर दिलेली तारीख मला कधीही आवडेल.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण फोनवर ते ऐकले आहेत.

काटा कुठून आणायचा? मी काटा मागतच नाही. टेंडन आले, ओढून आले, हात बाजूला नेल्यावरच आले, पूर्ण आले नाही: हे चार पर्याय तुमच्या हाताला आजही कळतात. वेळ नाही, हा आक्षेप मी मनावर घेत नाही; ही ओळ लिहायला अँकरचे स्टिकर चिकटवण्याइतकाच वेळ लागतो, आणि ती स्टिकरे तुम्ही न चुकता चिकटवता, कारण विम्याला लागतात.

‘ताण जास्त होता’ असे लिहून दिले आणि उद्या फाटले तर ग्राहक न्यायालयात तोच कागद आमच्यासमोर धरतील, हा आक्षेप खरा आहे. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली तेव्हापासून ही भीती ओटीत बसलेली आहे. मी वकील नाही. पण भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी 3 वर्षे जपायच्या आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायच्या, हे मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांतच आहे. कागद मागितला जाणारच. त्या कागदावर ‘टेंडन मागे गेलेले, चिकटे सोडवूनही ताण राहिला, म्हणून थोडे आत बसवले, रुग्ण व नातेवाइकांना समजावले’ असे असेल, तर तो तुमच्या बाजूने बोलेल. कोरा असेल तर काहीच बोलणार नाही.

आणि शेवटचा आक्षेप, जो मला सर्वांत वजनदार वाटतो: पुन्हा फाटले तरी पुष्कळ रुग्ण बरेच असतात, मग एवढे कशाला? हे खरे आहे. 2004 मध्ये सेंट लुईसच्या गालाट्झ आणि यामागुची यांच्या गटाने मोठ्या आणि अतिमोठ्या फाटी दुर्बिणीतून शिवलेल्या 18 रुग्णांची पुढे सोनोग्राफी केली. 17 जणांत कफ पुन्हा उघडलेला होता. तरीही वर्षभरानंतर दुखणे कमी होते, हात वर जात होता. पण तोच अहवाल पुढे वाचला तर दुसऱ्या वर्षी ते निकाल घसरताना दिसतात. निवृत्त माणसाला तेवढे सुख पुरेसे असेलही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत डोक्यावर हात करून वेल्डिंग करणाऱ्याला, रंगाऱ्याला, वायरमनला ते पुरत नाही. त्याला ताकद हवी असते, आणि ताकद टेंडन जुळल्याशिवाय येत नाही.

ज्यांच्या नावाने आपण सगळे पेंड्युलम शिकवतो त्या अर्नेस्ट कॉडमन यांनी 1909 मध्ये बॉस्टनमध्ये सुप्रास्पायनेटस शिवला आणि 1911 मध्ये तो प्रसिद्ध केला. खांद्याचे लोक त्यांना यासाठी ओळखतात. त्यांचा दुसरा हट्ट आपण विसरलो: प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड, त्यावर काय आढळले, काय केले, आणि वर्षाने तो कसा आहे. निकाल वाईट असेल तर का, तेही. हे सगळे उघड करा म्हणून ते इतके मागे लागले की मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून बाहेर पडले. स्वतःचे लहानसे रुग्णालयही त्यांनी चालवले. तिथून 1911 ते 1916 मध्ये घरी गेलेल्या 337 रुग्णांपैकी 123 प्रकरणांत चूक झाल्याचे त्यांनी स्वतः छापून टाकले. त्यांचे सहव्यवसायी संतापले, कमाई बुडाली. मला तुमच्याकडून एवढे नको आहे, खरेच नको. त्यांच्या कार्डाची पहिली अर्धी बाजू पुरे.

ती कशी असावी, याचे दोन नमुने देते. शब्द तुमचे वापरा.

‘सुप्रास्पायनेटसची लहान फाट. हात शरीराशी असताना टेंडन जागेवर सहज आले. बायसेप्सला हात लावलेला नाही. नेहमीप्रमाणे चालू करावे.’

‘सुप्रास्पायनेटस व इन्फ्रास्पायनेटस, मोठी जुनी फाट. चिकटे सोडवूनही हात 30 अंश बाजूला नेल्यावरच पोचले, ताण जास्त. साधारण अर्धा सेंटिमीटर आत बसवले. बायसेप्स कापला. उशी सहा आठवडे, तोवर हात स्वतःहून उचलायचा नाही, मागे न्यायचा नाही. दर दोन आठवड्यांनी कळवावे.’

दुसऱ्या नमुन्यातले शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. कळवायचे काम आमचे. हात किती अंश जातो, दुखणे कुठे, रात्री झोप लागते का, हे आम्ही त्याच कार्डाच्या मागे लिहून परत पाठवू. सहा महिन्यांनी एक सोनोग्राफी झाली तर उत्तमच. ती एमआरआयपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, आणि कफ शाबूत आहे की नाही एवढे सांगायला सवयीच्या हाताला ती पुरते. सरकारी रुग्णालयातल्या तुमच्या विद्यार्थ्यांना ताणाची नोंद आणि सहा महिन्यांची सोनोग्राफी यांची जोडी लावून प्रबंधाचा चांगला विषय मिळेल.

नवरात्र आता तोंडावर आहे. दिवाळीनंतरच्या ऑपरेशनांच्या तारखा येत्या काही आठवड्यांत तुमच्या रिसेप्शनवर लागायला सुरुवात होईल. त्या यादीपासून ही ओळ सुरू करता येईल. कार्ड नव्याने छापायची गरज नाही, हाताने लिहिलेली चालेल. अक्षर लागले नाही तर फोन करून विचारू. ज्यांना हे अजिबात मान्य नाही त्यांनीही का नाही ते कळवावे, म्हणजे पुढे त्यावर बोलता येईल.

आपली,
कारेलीबागेतील एक फिजिओथेरपिस्ट
बडोदे